‘कॉलेज’ (१९२७) : बस्टर कीटनच्या मूकपटाचा शेवट

‘कॉलेज’ हा बस्टर कीटनचा १९२७ सालचा अमेरिकन विनोदी मूकपट. दिग्दर्शक म्हणून नाव जेम्स हॉर्न यांचं आहे. निर्माते जोसेफ शेंक हे रशियात जन्मलेले यहुदी, आणि डीनचं काम करणारे बुटके स्निट्झ एडवर्ड्स हे हंगेरीचे यहुदी. (त्याच वर्षी इकडे मुंबईत रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त आठ भूमिका करत होती.)

गोष्ट साधी आहे. मेरीच्या मागे दोघे लागलेले : पुस्तकी किडा रोनल्ड आणि पहिलवान जेफ. रोनल्ड आधी खेळांविरुद्ध भाषण ठोकतो, मग मेरीसाठीच प्रत्येक खेळात पडून-आपटून घेतो. मधे तो तोंडाला काळं फासून वेटर होतो, तो भाग आज बघवत नाही.

कॉलेजातून काढून टाकलेला जेफ मेरीला तिच्याच खोलीत कोंडतो. खोलीत पुरुष सापडला तर तिलाही काढतील आणि मग तिला आपल्याशीच लग्न करावं लागेल, हा त्याचा डाव. ती कसाबसा फोन करते. रोनल्ड धावत सुटतो, कुंपणांवरून उड्या मारतो, कपडे वाळत घालायच्या दोरीचा टेकू उचलतो आणि त्याच्या जोरावर वरच्या खिडकीतून थेट आत! ही एकच उडी कीटनची नाही. ती ली बार्न्सची, १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदकवाल्याची.

जेफ पळतो. दोघं चर्चमध्ये जाऊन लग्न करतात. आपल्या मराठी नाटकात इथे अंतरपाट दूर होऊन पडदा पडला असता. कीटन थांबत नाही. घरात मुलंबाळं. मग दोघं म्हातारी, एकमेकांवर करवादणारी. मग शेजारी शेजारी दोन थडगी. समाप्त. सगळं काही सेकंदांत.

पुष्कळ जण याला कडवटपणा म्हणतात आणि कीटनच्या संसाराकडे बोट दाखवतात. नॅटली टालमॅजशी त्याचं लग्न १९२१चं, घटस्फोट १९३२चा. पण चित्रपट केला तेव्हा तो मोडायला अजून पाच वर्षं होती, हे विसरू नये.

इल्फर्डला माझ्या घरी आम्ही चौघी-पाच जणींनी हा बघितला. एक जण म्हणाली, “शी, हसवून हसवून शेवटी कबरस्तानात नेलंन.” मला तसं वाटलं नाही. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मी कितीतरी वर्षं काढली. भेटीच्या वेळेला येऊन, “पाणी का नाही प्यालीस, चष्मा कुठे टाकलास,” असं बायकोवर खेकसणारे नवरे रोज बघितले. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी दाराशी तेच उभे असायचे. करवादणं म्हणजे प्रेम आटलं, असं नर्सला तरी म्हणता येत नाही. आणि ती दोन थडगी एकमेकांना लागून आहेत. इथे आपली किती तरी जोडपी पैसे भरून शेजारची जागा राखून ठेवतात, ती काय रागाने?

कीटनने याआधी ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्येही लग्नानंतरचं दाखवलं होतं. तिथे पडद्यावरच्या नायकाचं बघून तो मुलीचं चुंबन घेतो, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर जुळी बाळं! तो डोकं खाजवत बसतो. तिथे गोष्ट पाळण्यापाशी थांबली, इथे शेवटपर्यंत गेली.

चित्रपट तासाभराचा आहे. चर्च दिसलं की चहा ठेवायला उठू नका, पाणी उकळेपर्यंत सगळं संपलेलं असेल.