औंधचा राजा आणि औंधचे स्वराज्य

औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापुराकडचे गुणदाळ अशा तुटक तुकड्यांत विखुरलेला, अवघ्या ७२ गावांचा, पर्जन्याला पारखा आणि खजिन्याने बेताचा असा औंध संस्थानाचा मुलूख होता. तथापि राजपद आणि लोकसत्ता एकत्र नांदू शकतील काय, या प्रश्नाला औंधने जे उत्तर दिले ते हिंदुस्थानातील मातब्बर दरबारांना देता आले नाही.

सन १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे व कीर्तनाचे व्यासंगी आणि सूर्यनमस्कारांचे निष्ठावंत प्रचारक; किर्लोस्करांच्या कारखान्याला कुंडलच्या माळावर जागा देणारेही तेच. त्यांनी १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले, आणि त्यांचे ऑक्सफर्डात शिकून आलेले चिरंजीव अप्पासाहेब व मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने जी घटना सिद्ध केली ती जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. तिची रचना तळापासून वर जाणारी होती : गावाने पाच पंच निवडावेत, गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांनी तालुक्याची सभा बनवावी, आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी जावेत. चावडीवर पाटील-कुलकर्ण्यांपुढे अदबीने उभा राहणारा कुणबी त्याच गावच्या कारभारात पंच म्हणून बसू लागला, हा पालट मला कोणत्याही राज्यारोहणापेक्षा थोर वाटतो.

मग राजाकडे उरले काय? घटनेने त्याला प्रजेचा प्रथम सेवक आणि तिच्या सदसद्विवेकाचा रक्षक मानले. परंतु माझ्या मते त्याचे खरे राजकीय कार्य घटनेच्या शब्दांत नव्हे, संस्थानच्या सरहद्दीवर होते. सार्वभौम ब्रिटिश सत्ता पंचायतीला ओळखत नव्हती. तिचा पत्रव्यवहार, तिची नाराजी आणि तिचा जाब हे सारे गादीच्या नावाने येत असे, आणि आत लोकांनी चालविलेल्या राज्याला ती गादीच ढालीसारखी आडवी उभी होती. सातारा जिल्ह्यात १९४३ पासून नाना पाटलांच्या ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारची चळवळ पेटली तेव्हा संस्थानच्या हद्दीतले कुंडल हे तिचे एक मुख्य ठाणे झाले, ते काही योगायोगाने नव्हे. त्याच ढालीआड आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीवाचून, शेती करीत राहू देण्याचा प्रयोग झाला.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र मुळातच होती. लोकांचे अधिकार लोकांनी झगडून मिळविलेले नव्हते, राजाच्या दानपत्राने आलेले होते. त्यामुळे त्यांचे आयुष्य गादीच्या आयुष्याशी बांधलेले राहिले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सार्वभौम सत्ता संपताच ढालीची गरज सरली, आणि विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली ती संस्थानिकांशी, त्यांच्या पंचायतींशी नव्हे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात सामील झाले. राजाने आपण होऊन सोडलेल्या सत्तेवर गावांनी नऊ वर्षे चालविलेली ती राज्यघटना त्याच दिवशी रद्दबातल ठरली, आणि आटपाडी-कुंडलचा कारभार प्रांताच्या सर्वसाधारण कायद्यांखाली गेला.