गडचिरोलीत मलेरिया पसरवणारे डास: कुठे वाढतात, कधी चावतात?

मलेरिया गटाराच्या घाण पाण्यामुळे होतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो ॲनाफिलिस डासाची मादी पसरवते आणि या भागात ती मुख्यतः स्वच्छ पाण्यात अंडी घालते.

दोन महत्त्वाच्या जाती

• ॲनाफिलिस क्युलिसिफेसिस: भातखाचरे आणि नाल्यातील डबक्यांत वाढतो. गुरांचे रक्त जास्त पितो, पण माणसालाही चावतो. दिवसा घरात, गोठ्यात बसून राहतो.

• ॲनाफिलिस फ्लुविआटिलिस: जंगल-डोंगरातील संथ वाहत्या ओढ्यांत वाढतो. तिथे तो माणसाचे रक्त अधिक पसंत करतो.

कधी चावतात?

संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, बहुधा तुम्ही झोपेत असताना. म्हणून मच्छरदाणी रोज वापरा. शेतावर राखणीला किंवा जंगलात मुक्कामाला जातानाही सोबत न्या. घरात फवारणी झाल्यावर भिंती लगेच सारवू नका, औषध झाकले जाते.

ताप आल्यास काय करावे?

चावल्यानंतर साधारण १० ते १५ दिवसांनी ताप येतो, त्यामुळे डास चावल्याचे आठवेलच असे नाही. प्रत्येकाला हुडहुडी भरतेच असेही नाही. ताप आला, की त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गडचिरोलीत जास्त आढळणारा फाल्सिपेरम मलेरिया उपचाराविना मेंदूवर परिणाम करून जीवघेणा ठरू शकतो. रुग्ण बरळत असेल, झटके आले, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी कमी झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

ताप उतरला तरी गोळ्या अर्धवट सोडू नका.