व्हिक्टोरिया राणीचा पुतळा, मुंबई (नुकसान व दुरुस्ती)

मुंबईच्या फोर्ट भागात १८७२ साली उभारलेला सिंहासनस्थ संगमरवरी पुतळा. शिल्पकार मॅथ्यू नोबल. खर्चाचा मोठा वाटा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी उचलला होता. पुढे पुतळा गाजला तो मात्र डांबरामुळे. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री राणीला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. हे काम आपण केल्याचे क्रांतिकारक दामोदर चाफेकर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे.

डांबर निघाले ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्यामुळे. बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेची घडी बसवून ते मुंबईत आले होते. या कामाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि ते रास्तच होते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लावावे तर डागाबरोबर दगडही फसफसून विरघळतो. घासावे तर राणीच्या वस्त्रावरची कोरीव जाळी बोथट होते. शिवाय दगड सच्छिद्र असल्याने पातळ झालेले डांबर पुसताना आणखी आत मुरते आणि पिवळसर तपकिरी छटा मागे राहते. म्हणून आजचे तज्ज्ञ पोटीस बांधतात. शाडूसारखी माती किंवा कागदाचा लगदा द्रावकात भिजवून डागावर थापायचा आणि वर प्लास्टिक लावायचे. द्रावक आत शिरून डांबर सैल करतो. मग प्लास्टिक काढून लेप सुकू दिला की द्रावक परतताना डांबर लेपात ओढून आणतो. एका लेपात भागत नाही. घाई केली की काम बिघडते.

१९६०च्या दशकात मुंबईतले वसाहतकालीन पुतळे फोडले गेले, तेव्हा दुखणे वेगळे होते. राणीसह अनेक पुतळे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हलवले. त्यांतल्या काहींना शिरच नाही. तुकडे हाती असतील तर जोडणे अवघड नाही: आत स्टेनलेस स्टीलची खुंटी (साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड तडकवते) आणि हवा तेव्हा सोडवता येईल असा चिकटा. तुकडेच हरवले असतील तर नवे घडवावेत का, हा खरा वाद. व्यक्तिशिल्पात नाकाचा बाक थोडा चुकला तरी माणूस बदलतो. एजिना बेटावरच्या ग्रीक शिल्पांना शिल्पकार थोरवाल्डसेनने १८१६ ते १८१८ दरम्यान नवे अवयव बसवले होते. ही शिल्पे ठेवलेल्या म्युनिकच्या संग्रहालयाने ते अवयव १९६०च्या दशकात काढून टाकले.