आकाशातलं इंजिन पाण्यावर : सुपरचार्जर ठेवायचा की काढायचा?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोता मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, जुन्या स्पीडबोटीच्या इंजिनावरचा सुपरचार्जर काढून टाकला तर काय बिघडतं?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे उभ्याउभ्या उत्तर द्यायची सवय नाही. म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. ते उत्तर आज देतो, पण इतिहासाच्या वाटेने.

न्यायसूत्रांत गौतमाने जे सोळा पदार्थ मोजले, त्यांत चौथं 'प्रयोजन'. एखादी गोष्ट कशासाठी आहे? यंत्राच्या सुट्या भागालाही आपण आधी हाच प्रश्न विचारू.

इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. साधं इंजिन ती स्वतःच ओढून घेतं. पण साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्म्यावर येतो आणि इंजिनाचा श्वास अपुरा पडायला लागतो. म्हणून विमानाच्या इंजिनाला हवा दाबून भरणारा एक पंखा जोडला, तो सुपरचार्जर. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनात हा पंखा मुख्य दांड्याच्या साडेआठ पट वेगाने फिरायचा. त्याला फिरवायची ताकदही इंजिनातूनच जायची, फुकट काही नाही.

आता बोटीचं पाहा. बोट समुद्रसपाटीवर चालते, तिथे हवा भरपूर. मग तिला सुपरचार्जर कशाला?

कारण या पंख्याचा दुसरा उपयोग माणसाच्या लगेच लक्षात आला. उंचीवर तो तूट भरून काढतो. खाली तोच जादा हवा कोंबतो. रोल्स-रॉइसचं 'आर' इंजिन १९२९ च्या श्नायडर शर्यतीसाठी केलं होतं, आणि ती शर्यत पाण्यालगतच उडवली जायची, उंचीचा प्रश्नच नव्हता. तशी दोन इंजिनं 'मिस इंग्लंड दोन' या बोटीत बसवली. १३ जून १९३० रोजी इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावावर सर हेन्री सीग्रेव्ह यांनी ताशी ९८.७६ मैलांचा विक्रम केला आणि त्याच दिवशी, त्याच पाण्यावर बोट उलटली. इंजिनांजवळ बसलेले व्हिक्टर हॅलिवेल गेले, पाठोपाठ सीग्रेव्हही. अपघात इंजिनामुळे झाला असं नाही म्हणणार मी. पण शर्यतीचं इंजिन म्हणजे काय, हे त्या दिवसावरून समजतं : थोड्या मिनिटांसाठी सगळं पणाला लावायचं.

युद्धात हेच गणित नौदलांनी स्वीकारलं. अमेरिकेच्या पीटी बोटींत पॅकार्डची प्रत्येकी तीन इंजिनं, सुपरचार्जरसकट. सुरुवातीला एकेकाची ताकद १,२०० अश्वशक्ती, पुढे १,५०० पर्यंत गेली. इथे सुपरचार्जर काढून चाललं नसतं, आणि त्याला कारण आहे. अशी बोट वेग घेताना आधी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडते. तो चढ ओलांडला की मग पाण्यावरून घसरत सुटते. टॉर्पेडो, तोफा, माणसं आणि अकरा हजार लिटरच्या आसपास पेट्रोल घेऊन तो चढ पार करायला जादा ताकद हवीच. कोंबलेल्या हवेत साधं पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसतात, म्हणून शंभर ऑक्टेनचं विमानाचं पेट्रोल लागे. इथे एक गैरसमज दूर करतो : ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त ज्वालाग्राही, असं नव्हे. आगीचं भय कुठल्याही पेट्रोलचं असतं. पण इतक्या हलक्या वजनात इतकी ताकद हवी म्हटल्यावर दोस्तांच्या हाताशी विमानी जातीचं पेट्रोल इंजिनच होतं. जर्मन बोटी मात्र डिझेलवर होत्या.

त्याची किंमत बेल्जियममधल्या ऑस्टेंड बंदरात मोजावी लागली. १४ फेब्रुवारी १९४५. कॅनडाच्या आणि ब्रिटनच्या टॉर्पेडो बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या. एका बोटीच्या पेट्रोलात पाणी शिरलं होतं, ते उपसून टाकताना पेट्रोल बंदराच्या पाण्यावर पसरलं आणि पेटलं. बारा बोटी गेल्या, साठाहून अधिक खलाशी गेले. शत्रू आसपास नव्हता. युद्धानंतर ब्रिटिश नौदलाने जलद बोटींसाठी 'डेल्टिक' नावाचं अठरा सिलिंडरचं डिझेल इंजिन वापरात आणलं, त्यामागची निकड अशा घटनांमुळे आपल्याला कळते.

म्हणजे बोटीवर सुपरचार्जर राहिला. पण तो खरोखर काढून टाकल्याचं, आणि त्यातून काही चांगलं निघाल्याचं उत्तम उदाहरण पाण्यावरचं नाही, जमिनीवरचं आहे. १९४१ साली ब्रिटिश रणगाडे पहिल्या महायुद्धातल्या लिबर्टी विमान-इंजिनावर धावत होते. ताकद ३४० अश्वशक्ती, आणि इंजिन वारंवार बिघडायचं. रोल्स-रॉइसमध्ये डब्ल्यू. ए. रोबोथम यांच्या गटाने मर्लिन घेतलं आणि विचारलं, रणगाड्याला यातलं काय लागत नाही? सुपरचार्जर काढला. फिरण्याची दिशा रणगाड्याच्या गिअरबॉक्सला जुळेल अशी उलटी केली. ताकद हजारावरून सुमारे सहाशेवर आली. कुणाला वाटेल, केवढा तोटा! पण सहाशे म्हणजे लिबर्टीच्या जवळजवळ दुप्पट, तीही कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर, ओढाताण न करता. विमानांसाठी नापास झालेले आणि मोडक्या विमानांतून काढलेले भागही इथे चालले. याचं नाव मीटिअर. (हे इंजिन पुढे रोव्हर कंपनीकडे गेलं, आणि त्या बदल्यात रोव्हरचं जेट इंजिनाचं काम रोल्स-रॉइसला मिळालं. हा सौदा एका जेवणाच्या टेबलावर ठरला. इतिहासात जेवणाला आपण फारच कमी जागा देतो.)

हे मीटिअर आपल्यालाही परकं नाही. सेंच्युरियन रणगाड्यात तेच होतं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये फिलोराच्या लढाईत पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर, आपल्या मुंबईत जन्मलेले, ज्या सेंच्युरियनमधून लढले आणि पुढे परमवीरचक्राचे मानकरी ठरले, त्या रणगाड्याचं इंजिन म्हणजे पंखा काढलेल्या मर्लिनचाच वंश. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला जरा थांबा. इंजिन तिथे, लोखंडी झाकणांखाली असतं.

तर आता त्या तरुण मित्रासाठी. आज तो दुसऱ्या रांगेत बसलेला दिसतोय.

बाबा रे, सुपरचार्जरचं इंजिन म्हणजे 'साधं इंजिन अधिक एक पंखा' नव्हे. पंखा हवा आधीच दाबून देणार, म्हणून कारखान्यात सिलिंडरातला दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. नुसता पंखा काढलास तर ना इकडचं ना तिकडचं असं सुस्त इंजिन उरेल, आणि तुझी बोट तो लाटेचा चढच ओलांडणार नाही. नाक वर करून पाणी ढकलत राहील. जास्त दाबाचे पिस्टन घालावे लागतील, इंधन आणि ठिणगीची वेळ पुन्हा लावावी लागेल, पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याचं भोक नीट बंद करावं लागेल, नाहीतर तिथून तेल गळेल. पाण्यातला पंखाही कमी ताकदीला जुळणारा हवा. एवढं करायची तयारी असेल तर इंजिन जास्त वर्षं टिकेल आणि पेट्रोलही कमी पिईल. नसेल तर राहू दे तो तिथेच. आणि एक, काहीही उघडण्याआधी इंजिनखोलीतली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा चालतो का, ते बघ.

पुढच्या व्याख्यानात डेल्टिककडे वळू.