टर्मिनलमधला पसारा आवरणारं ‘जेसी’ काय आहे? त्याचं पॅकेज कसं तयार होतं?

लिनक्सवर ‘डीएफ’ कमांड दिली की डिस्कवर किती जागा उरली आहे, याचा तक्ता दिसतो. आपल्याला तो सहज वाचता येतो. पण डिस्क ९० टक्के भरल्यावर इशारा देणारी स्क्रिप्ट लिहायची असेल तर? टक्केवारी पाचव्या रकान्यात आहे, हे स्क्रिप्टला सांगावं लागतं. उद्या कमांडला ‘टी’ हा पर्याय जोडला, की एक रकाना वाढतो, पाचवा रकाना सहावा होतो आणि स्क्रिप्ट भलताच आकडा वाचते.

‘जेसी’ काय करतं?

पायथनमध्ये लिहिलेलं हे ओपन सोर्स टूल असा तक्ता जेसॉनमध्ये बदलतं. प्रत्येक आकड्याला नाव मिळतं. त्यामुळे रकाने मोजण्याऐवजी स्क्रिप्ट थेट नावाने आकडा मागते.

पॅकेज म्हणजे नेमकं काय?

नुसता कोड दिला तर तो प्रत्येकाच्या कम्प्युटरवर चालेलच असं नाही. म्हणून कोडसोबत मॉड्यूलचं नाव, आवृत्ती, परवाना, पायथनची किमान आवृत्ती आणि लागणारी इतर मॉड्यूल्स यांची नोंद केली जाते. ‘जेसी’ टाइप केल्यावर कोणतं फंक्शन सुरू करायचं, हेही त्यात असतं. पायथनमध्ये या गठ्ठ्याला ‘व्हील’ म्हणतात. प्रत्यक्षात ती एक झिप फाइलच असते.

ते कुठून घ्यायचं?

पायपीआयवर डेव्हलपर स्वतः पॅकेज अपलोड करतो. नवी आवृत्ती लगेच मिळते, पण आधी कुणी तपासणी करेलच असं नाही. डेबियनमध्ये मेंटेनर मूळ कोड घेऊन वेगळं पॅकेज बांधतात. तिथे आवृत्ती जुनी असू शकते. डेबियन १२ पासून ‘पिप’ने थेट सिस्टिममध्ये मॉड्यूल टाकायला गेल्यास एरर येते. त्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा ‘पिपएक्स’ वापरावं लागतं.

एवढी काळजी कशासाठी?

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या टूलमध्ये चोरदरवाजा सापडला. तो सुरू करणारा एक महत्त्वाचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता, फक्त डाउनलोडच्या गठ्ठ्यात होता. डेबियनच्या चाचणी आवृत्तीतही तो पोहोचला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला तो सापडला.

म्हणूनच इन्स्टॉल करण्याआधी पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग नीट पाहा. स्क्रिप्ट रोज चालणार असेल, तर मॉड्यूलची आवृत्तीही ठरवून ठेवा.