गाडीला ‘जंगली’ टायर टाकताय? आधी रोजचा रस्ता पाहा

मोठ्या ठोकळ्यांचे, कडेला दातेरी टायर टाकले की बोलेरो किंवा पिकअप एकदम दणकट दिसते. पण चंद्रपूर-मूल-गडचिरोली अशी रोज डांबरावर धावणारी गाडी असेल तर हा थाट महागात पडतो.

चिखलाच्या टायरला दुकानात ‘एम/टी’ म्हणतात. त्याच्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, त्यातून चिखल बाहेर फेकला जातो. पण त्याच फटींमुळे डांबरावर रबर कमी टेकते. पावसात ब्रेक मारला की गाडी लवकर थांबत नाही. आवाज वाढतो, टायर लवकर झिजतो, डिझेलही जास्त लागते. भामरागड-एटापल्लीकडच्या आतल्या कच्च्या वाटा किंवा वरोऱ्याकडची काळी माती रोजचीच असेल, तरच तो घ्यावा. धानाच्या बांधीपर्यंत अधूनमधून जाणाऱ्याला ‘ए/टी’ पुरतो, दिसायलाही तो रांगडाच. फक्त डांबरी रस्ता असेल तर ‘एच/टी’ उत्तम.

मोठ्या ट्रकचे गणित वेगळे. पुढे सरळ रेघांचा रिब टायर, म्हणजे स्टिअरिंग ताब्यात राहते. मागे ओढीसाठी लग.

खरी मजबुती टायरवरच्या आकड्यांत असते. बोलेरोचा 215/75 आर15 सारखा कंपनीने दिलेला साइज बदलू नये. मोठा टायर मडगार्डला घासतो, स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. साइजनंतरचा अंक वजनाचा असतो. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो. मालवाहू पिकअपला त्यात काटकसर नको. कडेवर ‘2324’ असेल तर तो 2024 च्या 23व्या आठवड्यात बनला. नवीन म्हणून जुना माल माथी मारला जातो, म्हणून हे बघायचेच. नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली की चारचाकीचा टायर कायद्यानेही बाद.

आणि चंद्रपूरचे ऊन! पारा 45 च्या पुढे गेला की ‘हवा कमी ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भरल्या गाडीत फुटतो. तापलेल्या टायरमधली हवा सोडू नये. सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरावी. स्टेपनीचीसुद्धा.