हसाजी : एका विसरलेल्या नावाची हकीकत

काही वर्षांपूर्वी आमच्या एका नातलगाच्या घरी हश्काबा होती. हजान आमच्या समाजाचे नव्हते. पण मोठे सज्जन गृहस्थ. प्रार्थना सुरू करण्याआधी त्यांनी रीतीप्रमाणे घरातील मयत वडीलधाऱ्यांची नावे विचारली. बाकीची नावे झाली. शेवटी नव्वदीच्या घरातील आमची मावशी म्हणाली, "आणि माझा आजा, हसाजी." हजानांनी दोनदा विचारले, मावशीने दोनदा तेच सांगितले. मग तिचा मुलगा हिब्रूतून म्हणाला, "हे घरगुती नाव आहे, खरे नाव आम्हाला ठाऊक नाही." मावशीला त्याचे म्हणणे कळले नाही, पण आजाचे नाव घेतले गेले नाही, एवढे मात्र कळले. त्या रात्री ती जेवली नाही.

वाचकहो, खरे नाव ठाऊक नाही हे म्हणणेच चूक होते. हसाजी हेच त्या आजाचे खरे नाव. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरासाठी त्याला ज्या नावाने बोलावीत असतील, तेच हे नाव, फक्त कोकणच्या तोंडातून आलेले. हसाजी म्हणजे येहेझ्केल. मराठी बायबलात तो 'यहेज्केल' झाला आणि इंग्रजी अमदानीत 'एझिकेल'. नाव एकच, वेष निरनिराळे.

हे कशावरून, असे कोणी विचारील. त्याला सर्वांत भक्कम पुरावा आपल्या इतिहासातील पहिल्या ठळक माणसाचाच आहे. मुंबईत मांडवी भागात सन १७९६ साली आपले पहिले सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजी लिखाणात सॅम्युअल एझिकेल दिवेकर म्हणून येतात. समाजी म्हणजे शमुएल, आणि वडील हसाजी म्हणजे येहेझ्केल. त्यांचे बंधू इसाजी हसाजी, म्हणजे आयझॅक एझिकेल. बाप हसाजी, मुलगे समाजी व इसाजी. आडनाव दिवे गावावरून. ही नावे नुसती कानावर पडली तर एखाद्या मराठा सरदाराच्या घरची वाटावीत, आणि तिन्ही नावे तर तनाखमधली!

समाजी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नेटिव्ह कमांडंट होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपल्या घराघरांत सांगितली जाणारी कथा अशी की, कैद्यांना जात विचारली असता त्यांनी "बेने इस्राएल" असे उत्तर दिले. टिपूच्या मातेने ते ऐकले, हे नाव कुराणात आहे असे म्हणून त्यांना जीवदान देवविले, आणि सुटकेच्या नवसातून ते सिनेगॉग उभे राहिले. कथेतील तपशिलाबद्दल विद्वान वाद घालोत; सिनेगॉग मात्र उभे राहिले हे खरे. त्याला 'शाआर हारहमीम', दयेचे दार, असे नाव मिळाले. १८६० साली ते जवळच नव्या जागी बांधले गेले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे आपले वडीलधारी सांगत आले. समाजी स्वतः सेफेर तोरा आणण्यासाठी कोचीनला गेले ते परत आले नाहीत; १७९७ साली तेथेच वारले. सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. रस्त्याच्या पाटीवर समाजीचा सॅम्युअल झाला आणि हसाजी तर पाटीवरून पारच गेला.

आता नावाच्या घडणीकडे वळू. आपल्या पूर्वजांनी जुन्या हिब्रू नावांना 'जी' लावून ती मराठी करून घेतली हे सर्वश्रुत आहे. अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी, एलियाहूचा एलोजी. शिवाजी, संभाजी, तानाजी यांच्या मुलखात राहणाऱ्या माणसांना ते सहज सुचले असावे. पण या सर्वांत हसाजी जरा निराळा आहे, कारण त्याच्या आत मूळ नाव चटकन दिसत नाही. मुसाजीत मोशे ओळखता येतो. हसाजीत येहेझ्केल शोधावा लागतो.

नाव मोठ्याने म्हणून पाहा. पहिला 'ये' हलका आहे, घाईत तो गळतो. बगदादच्या यहुद्यांनीही तो गाळला. त्यांच्यात हे नाव 'हेझकेल' किंवा 'एस्केल' असे चालत आले. इराकचे पहिले अर्थमंत्री झालेले सासून एस्केल यांच्या नावात तेच आहे. युरोपातील अश्केनाझी यहुद्यांच्या बोलीत त्याचे 'हस्केल' झाले. म्हणजे रोह्याच्या, बगदादच्या आणि पोलंडच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच अक्षर टाकून दिले. पुढे 'झ'चा 'स' का झाला? माझ्या मते याचे कारण त्याच्यामागून येणारा 'क'. 'क' कठोर आहे, तो आधीच्या 'झ'लाही कठोर करतो, म्हणून हस्केल. आपल्याकडे 'जी' लागताना 'केल' गळून पडले, पण 'स' मागे राहिला. चोर निघून गेला तरी पाऊल उमटलेले राहावे, तसा तो 'स' त्या हरवलेल्या 'क'ची खूण आहे.

मराठी माणसाला हसाजी म्हटले की हसणे आठवते. गंमत अशी की हिब्रूत हसण्याचे नाव दुसरेच आहे, ते यित्झाकचे, म्हणजे आपल्या इसाजीचे. येहेझ्केलमध्ये हसू नाही, बळ आहे. 'हजाक' म्हणजे बळकट. तोरेचे एकेक पुस्तक वाचून संपले की मंडळी उभी राहून जो शब्द उच्चारते, तोच. त्याला 'एल' जोडून अर्थ होतो, 'देव बळ देईल'. तनाखमध्ये या नावाची दोनच माणसे आढळतात: एक दाविदाच्या काळातील कोहेनांच्या विसाव्या पाळीचा मुख्य, आणि दुसरा स्वतः संदेष्टा. संदेष्ट्याच्या पुस्तकातही त्याचे नाव दोनदाच येते. इतके दुर्मीळ नाव आपल्या कोकणातील तेल्यांनी, शेतकऱ्यांनी, शिपायांनी जपावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण संदेष्ट्याची हकीकत आठवली की ते नवल कमी होते. इसवी सनापूर्वी ५९७ साली राजा यहोयाकीनबरोबर ज्यांना बाबेलला नेले, त्यांत तो होता. त्याने संदेश सांगितला तो यरुशलेममध्ये नव्हे, परमुलखात, कबार नदीच्या काठी, तेल अबीब नावाच्या वस्तीत बसलेल्या बंदिवानांपुढे. आज आपण ज्या तेल अवीवच्या बसमध्ये चढतो, त्या शहराचे नाव त्याच्याच पुस्तकातून घेतलेले आहे: प्रथम हर्झलच्या कादंबरीच्या हिब्रू भाषांतराला, आणि मग १९१० साली शहराला.

मराठ्यांतही याच्या जवळचे नाव होते. १६७४ साली प्रतापराव गुजर नेसरीला पडल्यावर शिवाजी महाराजांनी ज्यांना सरनोबत केले, त्या हंबीरराव मोहित्यांचे मूळ नाव हंसाजी. त्यामुळे फौजेत किंवा बाजारात हसाजी म्हणून हाक मारली तर कोणी वळून पाहात नसे. गावात एक नाव, मिलाच्या दिवशी ठेवलेले व केतुबात लिहिलेले दुसरे, असे आपले दुपदरी चाले. आणि दोन्ही पदर एकाच धाग्याचे असत.

मग हे नाव गेले कसे? कोणी टाकून दिले नाही. ते सुधारले गेले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ साली डॉ. जॉन विल्सन आले. विल्सननी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. आपली मुले शाळेत जाऊन मूळ नावे वाचू लागली. हसाजीपेक्षा यहेज्केल शुद्ध, असे साहजिकच वाटू लागले. त्यानंतर पलटणीच्या, रेल्वेच्या, कचेरीच्या हजेरीपटांत इंग्रजी रूप आले, आणि कारकुनाला 'दिवेकर', 'राजपूरकर' यांपेक्षा बापाचे नाव पुढे लावणे सोयीचे पडले. अशा रीतीने एझिकेल हे आडनावच होऊन बसले. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांच्या नावात गाव अजून शिल्लक आहे. कवी निस्सीम एझिकेल (१९२४–२००४) यांच्या नावात ते उरले नाही. एझिकेल सर्वांना ठाऊक झाले, हसाजी आजोबांच्या पिढीबरोबर गेला. मला शुद्धतेचा राग नाही, परंतु शुद्ध करताना ओळख पुसली जाते, एवढे त्या सुधारकांच्या ध्यानात यायला हवे होते.

हे केवळ हौसेचे भाषाशास्त्र नव्हे. १९६२ साली येथील मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या विवाहाच्या वेळी पूर्वजांची मागे जाऊन चौकशी करण्याचा हुकूम काढला, आणि तो बदलायला १९६४ सालची चळवळ व क्नेसेतचा ठराव लागला. त्या काळी ज्यांना आजा-पणजाची नावे सांगावी लागली, त्यांच्यापैकी किती जणांनी 'हसाजी', 'अबाजी' सांगून ऐकणाऱ्याला कोड्यात टाकले असेल! सांगणाऱ्यालाच अर्थ ठाऊक असता तर उत्तर किती सोपे होते: बाबेलच्या संदेष्ट्याचे नाव आहे, मराठीत असे म्हणतात.

इस्राएलमध्ये येहेझ्केल नावाच्या मुलाला घरचे व मित्र 'हेझी' म्हणतात. मावशीच्या शेजारी असा एक हेझी राहतो, मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातला. मी तिला नावाचा उलगडा करून सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो पोरगा हसाजी आहे?" तेव्हापासून ती जिन्यावरून त्याला त्याच नावाने हाक मारते, आणि तो ओ देतो.

पुढच्या वर्षीच्या हश्काबेला येहेझ्केल हे नाव घेतले गेले. आजाच्या बापाचे नाव मात्र मावशीला 'बाबाजी' एवढेच आठवते, आणि त्याचे मूळ मला अजून लागलेले नाही. ज्या वाचकांच्या घरी जुन्या तेफिलांच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यूच्या नोंदी असतील, त्यांनी त्या पाहाव्यात, आणि मराठी व हिब्रू अशी दोन्ही नावे एकत्र लिहिलेली आढळल्यास संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.